पॅरिसचें ऑपेरागृह

नाटक पाहावयास जाणें जिवावर बेतावें, असा प्रसंग फ्रान्सच्या राज्यकर्त्यांवर अडतीस वर्षांत दोनदां आला आणि दोन्ही वेळां तो पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या दारांतच आला. १८२० सालच्या १३ फेब्रुवारीच्या रात्रीं, राजे अठरावे लुई यांचा पुतण्या बेरीचा ड्यूक आपल्या पत्नीस गाडीपर्यंत पोंचवून परत फिरत असतां, लूव्हेल नांवाच्या एका खोगिरें करणाऱ्या कारागिरानें त्याच्या छातींत हत्यार खुपसलें. ड्यूकला उचलून ऑपेरागृहांतीलच एका खोलींत नेलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथेंच त्याचा अंत झाला. ज्या वास्तूंत राजरक्त सांडलें तींत पुन्हां नाचगाणें व्हावयाचें नाहीं, असें ठरून ती वास्तु पाडून टाकण्यांत आली. आणि ल पेल्तिए नांवाच्या अरुंद रस्त्यावर, जुन्या इमारतीचें बरेंचसें सामान वापरून, एक तात्पुरतें नाट्यगृह घाईनें उभें करण्यांत आलें. सरकारी कामांतील ‘तात्पुरतें’ या शब्दाचा अर्थ सर्व देशांत सारखाच असावा. १८२१ सालीं उघडलेलें तें तात्पुरतें नाट्यगृह पुढें बावन्न वर्षें चाललें.

दुसरा प्रसंग याच नाट्यगृहाच्या दाराशीं घडला. १८५८ सालच्या १४ जानेवारीस सम्राट् तिसरा नेपोलियन व सम्राज्ञी युजेनी यांची गाडी ल पेल्तिए रस्त्यांत शिरली, तोंच ऑर्सिनी नांवाच्या इटालियन क्रांतिकारकानें व त्याच्या सोबत्यांनीं तिच्यावर एकामागून एक तीन बॉम्ब फेंकले. सम्राट् व सम्राज्ञी बचावलीं. परंतु भोंवतालच्या गर्दींतील कित्येक माणसें मेलीं आणि शंभराहून अधिक जखमी झालीं. सम्राट् तशाच स्थितींत आपल्या बैठकींत येऊन उभा राहिला, प्रेक्षकांनीं त्याचा जयजयकार केला आणि ठरलेला खेळ पार पडला. ऑर्सिनीला दोन महिन्यांनीं गिलोटिनवर चढविण्यांत आलें. नव्या ऑपेरागृहाचा विचार त्या आधींही चाललेला होता, परंतु त्या रात्रीनंतर त्याला निकड आली. नवें ऑपेरागृह रुंद रस्त्यांच्या मध्यभागीं, चारी बाजूंनीं मोकळें असावें, आणि सम्राटाची गाडी थेट इमारतीच्या आंत जाऊन थांबावी, अशी योजना झाली.

श्रोते हो, ज्या वास्तूची हकीकत आज मी सांगणार आहें, तिला अशी एका माणसाच्या जिवाच्या काळजीनें चालना मिळाली. त्या माणसानें मात्र तींत बसून एकही नाटक पाहिलें नाहीं.

हकीकत पुढें नेण्यापूर्वीं ऑपेरा या प्रकाराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या संगीत नाटकांत गद्य संवाद चालतो आणि भाव दाटून आला म्हणजे पात्र पद म्हणूं लागतें. पॅरिसच्या या रंगभूमीवर चालणाऱ्या ऑपेरांत गद्याला जवळजवळ स्थानच नव्हतें. मरणारा नायक गातच मरतो आणि निरोप घेऊन आलेला शिपाईही निरोप गाऊनच सांगतो. रंगमंचापुढील खोलगट जागेंत साठ-सत्तर वादकांचा ताफा, मागें शें-दीडशें माणसांचा गायकवृंद, आणि मधल्या अंकांत नर्तिकांचा बॅले. एवढा पसारा केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर चालणें शक्य नव्हतें. चौदाव्या लुईच्या काळापासून फ्रान्समध्यें ऑपेरा ही राज्याच्या वैभवाची बाब समजली गेली, आणि तिचा खर्च राज्यानें उचलावा ही रूढि पडली.

त्या काळीं पॅरिस शहराचा कारभारी ओस्मान हा जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते आंखीत होता. १८६० सालच्या सप्टेंबरांत नव्या ऑपेरागृहाची जागा मुक्रर झाली आणि डिसेंबरांत सर्वांना खुली अशी स्पर्धा जाहीर झाली. एकशें सत्तराच्या आसपास नकाशे आले. स्पर्धकांमध्यें व्हियोले-ल-द्युकसारखा नांवाजलेला, सम्राज्ञीच्या मर्जींतला स्थापत्यविशारद होता. त्याचा नकाशा पहिल्याच फेरींत गळाला. पहिल्या फेरींत पांच जण निवडले गेले. त्यांत पांचव्या क्रमांकावर शार्ल गार्निए या पस्तीस वर्षांच्या, फारशी ओळख नसलेल्या माणसाचें नांव होतें. दुसऱ्या फेरींत परीक्षकांनीं एकमतानें त्यालाच निवडलें.

गार्निए हा पॅरिसच्या गरीब वस्तींत जन्मलेला. बाप लोहारकाम करी. आई लेस विणी. शिष्यवृत्तीच्या बळावर तो रोमला गेला, तेथून ग्रीस व तुर्कस्तान पाहून आला, आणि परत आल्यावर किरकोळ नोकरींत दिवस काढीत होता. अशा माणसाच्या हातीं साम्राज्यांतील सर्वांत खर्चाचें काम आलें. सांगतात कीं, नकाशे पाहून सम्राज्ञी युजेनी रागावून म्हणाली कीं, ही कसली शैली? ही ना ग्रीक, ना सोळाव्या लुईची! गार्निएनें उत्तर दिलें कीं, त्या शैल्यांचा काळ सरला, ही तिसऱ्या नेपोलियनची शैली आहे. उत्तर हजरजबाबी खरेंच. पण मला वाटतें, त्यांत खुशामतीपेक्षां सत्य अधिक होतें. सगळ्या जुन्या शैल्यांतील जें जें डोळ्यांत भरेल तें तें उचलावें, त्यावर सोनें चढवावें आणि पाहणाऱ्यास दिपवून टाकावें, ही त्या राजवटीचीच रीत होती.

१८६१ सालच्या उन्हाळ्यांत खोदकाम सुरू झालें आणि लवकरच खालून पाणी लागलें. रंगमंचावरील पडदे व देखावे खालीं उतरवितां यावेत म्हणून त्याच्या तळाशीं खोल तळघरें हवीं होतीं, आणि नेमक्या त्याच जागीं जमिनींतील पाणी थोपेना. १८६२ सालीं सुमारें सात महिने वाफेचे पंप रात्रंदिवस चालू ठेवून पाणी उपसावें लागलें. शेवटीं गार्निएनें पाण्याशीं झगडण्याऐवजीं त्याच्याशीं तह केला. त्यानें तळाशीं दुहेरी भिंतींचें एक विस्तीर्ण टांकें बांधलें आणि तें पाण्यानें भरून टाकलें. आंतल्या पाण्याच्या भारानें बाहेरच्या पाण्याचा रेटा तोलला गेला, आणि पायाही स्थिर झाला. हें टांकें आजही तेथें आहे; पॅरिसचे अग्निशामक जवान त्या काळोख्या पाण्यांत पोहण्याचा सराव करतात. ऑपेरागृहाच्या खालीं एक तळें आहे ही लोकांत पसरलेली समजूत या टांक्यावरूनच निघाली. गास्तों लरू या कादंबरीकारानें १९१० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरींतील ‘ऑपेरांतल्या भुता’ला याच तळ्याकांठीं राहावयास घर दिलें.

१८६२ सालच्या २१ जुलैस कोनशिला बसली. पुढें पांच वर्षें तट्ट्यांच्या आड काम चाललें आणि १८६७ सालीं, जागतिक प्रदर्शनासाठीं देशोदेशींचे पाहुणे पॅरिसमध्यें असतांना, १५ ऑगस्टला दर्शनी भाग उघडा करण्यांत आला. रंगीबेरंगी संगमरवर, सोनेरी पुतळे, नामांकित संगीतकारांच्या अर्धमूर्ति! या कामावर सत्तराहून अधिक शिल्पकार खपत होते. या सगळ्या दगडाखालीं लोखंडाचा सांगाडा होता. लोखंड वापरावयाचें, पण दाखवावयाचें नाहीं, असा गार्निएचा बाणा होता. वीस वर्षांनीं आयफेलनें उघड्या लोखंडाचा मनोरा उभारावयास घेतला, तेव्हां त्याच्या निषेधाच्या पत्रावर सही करणाऱ्यांत गार्निए होता, यांत नवल नाहीं.

दर्शनी भागावरील शिल्पांत कार्पो या शिल्पकाराचा ‘नृत्य’ नांवाचा समूह १८६९ सालीं बसविण्यांत आला. डफ उंचावून हंसणारा तरुण आणि त्याच्याभोंवतीं फेर धरून नाचणाऱ्या विवस्त्र स्त्रिया. सोज्वळ लोकांत गहजब झाला. ऑगस्टमधील एका रात्रीं कोणीतरी शाईची बाटली त्या शिल्पावर फोडली. सरकारनें नमतें घेऊन दुसऱ्या शिल्पकाराकडून सभ्य नृत्य करवून घेण्याचें ठरविलें. परंतु युद्ध आलें, तो शिल्पकार वारला, आणि कार्पोच्या नर्तिका जागच्या जागीं नाचत राहिल्या. १९६४ सालीं हवेपासून जपण्यासाठीं मूळ शिल्प हलवून तेथें प्रतिकृति बसविली. मूळ शिल्प आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. जें एकदां असभ्य ठरलें होतें, त्याची राखण आतां सरकार करतें.

शिल्पावर शाई पडली, त्याच सुमारास खर्चावरही टीकेचे शिंतोडे उडत होते. पॅरिसचें जुनें रुग्णालय मोडकळीस आलेलें असतांना नाचगाण्यासाठीं कोट्यवधि फ्रँक उडविणें योग्य काय, असा प्रश्न विचारला जाऊं लागला. सम्राटालाही त्याची टोंचणी लागली असावी. कारण विलासाचें मंदिर दुःखितांच्या आश्रयस्थानाआधीं पुरें होऊं नये, अशी इच्छा त्यानें कळविली होती. ती पुरी झाली नाहीं. ऑपेरागृह आधीं उघडलें आणि रुग्णालय मागून.

१८७० सालच्या जुलैमध्यें फ्रान्सनें प्रशियाशीं युद्ध पुकारलें. सप्टेंबरच्या आरंभीं सेदां येथें सम्राट् शत्रूच्या हातीं सांपडला. ४ सप्टेंबरला पॅरिसमध्यें प्रजासत्ताक जाहीर झालें, आणि थोड्याच दिवसांत जर्मन फौजांनीं शहराला वेढा घातला. अर्धवट ऑपेरागृहांत धान्याचे व खाद्यपदार्थांचे सांठे भरले गेले. लोक उंदीर-मांजरें खाऊन दिवस काढीत असतां या संगमरवरी कोठारावर पहारे बसले होते. त्यानंतर कम्यूनचें बंड झालें. आणि १८७१ च्या मे महिन्यांत, ज्या त्विलेरी राजवाड्यांतून सम्राटानें ऑपेराला निघावयाचें, तो राजवाडाच जळून गेला. सम्राट् इंग्लंडांत परागंदा झाला आणि १८७३ सालच्या ९ जानेवारीस तेथेंच वारला.

आतां विचार करा. मालक मेला, त्याचा वाडा जळाला, तिजोरी युद्धदंडानें रिकामी झाली, आणि शहराच्या मध्यभागीं त्या मालकाच्या हौसेची अर्धवट इमारत उभी आहे. तिच्या दर्शनी भागावर ‘न’ व ‘ए’ हीं त्याच्या नांवाचीं व पदवीचीं आद्याक्षरें सोन्यांत कोरलेलीं. नव्या प्रजासत्ताकानें तिचें काय करावें? ‘शाही’ शब्द काढून तेथें ‘राष्ट्रीय’ असा शब्द घातला, तरी वास्तु कोणाची हें सर्वांना ठाऊक होतें. दोन-अडीच वर्षें कामास पैसा मिळेना. अखेर निकाल आगीनें लावला. १८७३ सालच्या २८ ऑक्टोबरच्या रात्रीं ल पेल्तिए रस्त्यावरचें तें तात्पुरतें नाट्यगृह पेटलें आणि जळून खाक झालें. पॅरिसला ऑपेरागृहच उरलें नाहीं. शेंकडों गायक, वादक, नर्तिका, शिंपी व सुतार यांना काम द्यावयाचें तर नवी इमारत पुरी करणें भाग होतें. ज्यांना सम्राटाचें नांव ऐकवत नव्हतें त्यांनींच पैसे मंजूर केले. आणि तेही पुरेनात तेव्हां मॉन्टे कार्लोच्या जुगारखान्याचा धनी ब्लां याजकडून सुमारें एकोणपन्नास लाख फ्रँक कर्जाऊ घेण्यांत आले. प्रजासत्ताकाच्या या पहिल्या मोठ्या मंगलकार्याला असा जुगाराचा पैसा लागला! एकंदर खर्च साडेतीन कोटि फ्रँकांच्या घरांत गेला.

१८७५ सालच्या ५ जानेवारीस ऑपेरागृह उघडलें. अध्यक्ष मॅकमॅहॉन आले. लंडनचे लॉर्ड मेयर आपल्या झगमगीत लवाजम्यासह आले, आणि रस्त्यांतील लोक तो लवाजमाच पाहात राहिले. संपूर्ण असा एकही ऑपेरा त्या रात्रीं झाला नाहीं. निरनिराळ्या ऑपेरांतील प्रवेश व एका बॅलेचा भाग एवढेंच झालें. आणि ज्यानें आपल्या आयुष्याचीं चौदा वर्षें या वास्तूंत घातलीं त्या गार्निएला? त्याला दुसऱ्या मजल्यावरील एक बैठक देण्यांत आली, आणि तिचे एकशें वीस फ्रँक त्याच्याकडून भरून घेण्यांत आले. तो पडलेल्या राजवटीचा माणूस समजला गेला. वर्तमानपत्रांनीं या कृपणतेची यथेच्छ थट्टा केली. परंतु गार्निएचा खरा सत्कार त्याच रात्रीं झाला. तो जिन्यावर दिसतांच लोकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला.

तो जिनाच या वास्तूचें हृदय होय. सबंध इमारतीच्या मानानें प्रेक्षागार लहान आहे. बैठका सुमारें दोन हजारच. बाकीची जागा जिने, सज्जे, दालनें व रंगमंचाचा अवाढव्य पसारा यांनीं व्यापली आहे. कांहीं टीकाकारांनीं याला उधळपट्टी म्हटलें. पण गार्निएचें म्हणणें वेगळें होतें, आणि १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या नाट्यगृहांवरील आपल्या पुस्तकांत त्यानें तें मांडलेंही होतें. माणूस नाट्यगृहांत पाऊल टाकतो तेव्हांच नाटक सुरू होतें. प्रेक्षक हे एकमेकांस पाहावयास येतात, आणि त्यांना नीट दिसतां यावें ही सोय स्थापत्यकारानें केली पाहिजे, असा त्याचा विचार. म्हणून पांढऱ्या संगमरवराचा तो रुंद जिना मध्यें येऊन दोहों बाजूंस फांटतो, आणि सभोंवार मजल्यामजल्यावर सज्जे आहेत. चढणाऱ्यांना वरचे लोक पाहतात, वरच्यांना चढणारे पाहतात. पुढचें भव्य दालन चोपन्न मीटर लांब व अठरा मीटर उंच आहे. तेथें आरसे अशा रीतीनें लावले आहेत कीं, गर्दी नसली तरी गर्दीचा भास व्हावा. नवरदेवापेक्षां मांडवच अधिक सजवावा, तशी ही गोष्ट. आवाजाच्या बाबतींत मात्र गार्निएनें प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे कीं, नादशास्त्र आपल्यास उमगलें नाहीं आणि आवाज चांगला लागला तें नशिबानें.

या जिन्यावरून पहिलीं साठ वर्षें चढली ती मुख्यतः श्रीमंतांचीच पॅरिस. ठराविक वारांच्या बैठका वर्षाच्या वर्षाला राखून ठेवणारे वर्गणीदार हे ऑपेराचे खरे धनी होते. त्यांच्या गाड्यांसाठीं इमारतीच्या पूर्वेस वेगळें प्रवेशद्वार होतें. यांची सत्ता किती होती हें जुन्या नाट्यगृहांतच दिसून आलें होतें. १८६१ सालीं वाग्नरचा ‘टानहॉयझर’ तेथें झाला, तेव्हां बॅले पहिल्याच अंकांत आला. जेवणें आटोपून दुसऱ्या अंकाला येणाऱ्या जॉकी क्लबच्या मंडळींना तो पाहावयास मिळाला नाहीं. त्यांनीं शिट्ट्या फुंकून असा धुमाकूळ घातला कीं, तीन प्रयोगांनंतर वाग्नरनें आपली कृति काढून घेतली.

आणि बॅलेवर एवढा जीव कां, हेंही उघड आहे. नव्या ऑपेरागृहांत रंगमंचाच्या मागें नर्तिकांचें एक शृंगारलेलें दालन होतें. नर्तिकांनीं नृत्यापूर्वीं तेथें सराव करावयाचा, आणि वर्गणीदार पुरुषांना तेथें मुक्तद्वार. नृत्यशाळेंतील मुली बहुतेक गरीब घरच्या; त्यांना ‘लहान उंदीर’ असें लाडकें नांव पडलें होतें. दगा या चित्रकाराच्या चित्रांत या मुली पायांच्या फिती बांधतांना दिसतात, आणि कडेला काळ्या टोपीचा एक गृहस्थ उभा असतो. त्या गृहस्थाकडे चित्राच्या सौंदर्यांत आपलें लक्ष जात नाहीं. तें गेलें पाहिजे. १८८१ सालीं दगानें प्रदर्शनांत मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या मेणाच्या पुतळ्यासाठीं जी मुलगी उभी राहिली ती धोबिणीची पोर होती. पुढच्याच वर्षीं गैरहजेरीबद्दल तिला ऑपेरांतून काढून टाकण्यांत आलें. पुतळ्याच्या धातूंतील प्रति आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. सोन्याच्या दालनाची किंमत मांडतांना केवळ फ्रँक मोजून भागत नाहीं.

त्याच १८८१ सालीं या ऑपेरागृहांत आणखी एक गोष्ट घडली, आणि ध्वनिक्षेपक यंत्रापुढें बसून बोलणाऱ्यानें ती सांगितलीच पाहिजे. पॅरिसमध्यें विजेचें प्रदर्शन भरलें होतें. क्लेमां आदेर या यंत्रज्ञानें ऑपेराच्या रंगमंचावर, पायदिव्यांच्या ओळींत, ध्वनिग्राहक बसवून तेथून दूर प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत तारा नेल्या. तेथें लोक दोन्ही कानांस दोन नळ्या लावून उभे राहात आणि गाणें ऐकत; गायक डावीकडून उजवीकडे चालला तर तेंही कानांना कळे. पुढें १८९० सालीं या युक्तीची कंपनी निघाली आणि वर्गणी भरून घरबसल्या ऑपेरा ऐकण्याची सोय झाली. कादंबरीकार प्रूस्त हा आजारपणामुळें घराबाहेर पडेनासा झाला, तेव्हां अशीच वर्गणी भरून तो अंथरुणावर पडून वाग्नर ऐकत असे. पोषाख नको, गाडी नको, जिना नको! नभोवाणी येऊन स्थिरावल्यावर १९३२ सालीं ती कंपनी बंद झाली. जो ऐश्वर्याचा जिना गार्निएनें रचला होता तो टाळून घराघरांत जाण्याची वाट गाण्याला त्याच्याच रंगमंचावरून सांपडली, हें कांहीं थोडें नव्हे.

या रंगमंचानें आपला देशही पाहिला आहे. अर्थात् फ्रेंच डोळ्यांनीं. ऑर्सिनीनें बॉम्ब टाकले त्याच १८५८ सालीं जुन्या नाट्यगृहांत कालिदासाच्या शकुंतलेवरील बॅले झाला होता. कथा कवि गोतिए याची, संगीत रेये याचें. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें तें १८८० सालीं. म्हणजे शकुंतला पॅरिसच्या ऑपेरांत बावीस वर्षें आधीं नाचून गेली होती, आणि तेंही एक शब्द न बोलतां. नव्या ऑपेरागृहांत १८७७ सालीं मासने याचा ‘लाहोरचा राजा’ मोठ्या थाटानें झाला. त्यांतील राजा रणांत मरून इंद्राच्या स्वर्गांत जातो आणि प्रियेसाठीं पुन्हां पृथ्वीवर परततो, पण भिकाऱ्याच्या रूपानें. हा आपल्या पुराणांना न सुचलेला स्वर्ग होता. तथापि प्रेक्षकांना तो फार आवडला. त्याहून वेगळ्या मोलाची कृति म्हणजे १९२३ सालीं झालेली रुसेल याची ‘पद्मावती’. रुसेल स्वतः १९०९ सालीं हिंदुस्थानांत येऊन चितोडचे भग्न वाडे पाहून गेला होता, आणि आपल्या रागांच्या स्वररचनेचा त्यानें खरा अभ्यास केला होता. चितोडगडावरील जोहार पॅरिसच्या या सोनेरी चौकटींत पेटलेला पाहून त्या प्रेक्षकांस काय वाटलें असेल, याची कल्पना करावयास मला आवडतें.

अपघातांचाही एक अध्याय आहे. १८९६ सालच्या २० मे रोजीं, खेळ चालू असतां, मधल्या सात टनी झुंबराच्या तोलासाठीं वर टांगलेल्या वजनांपैकीं एक वजन सुटून छतांतून खालीं आलें आणि सर्वांत वरच्या स्वस्त बैठकींत बसलेली एक बाई ठार झाली. ती एका इमारतीची राखणदारीण होती. लरूच्या कादंबरींत सबंध झुंबरच कोसळतें. खरी घटना त्याहून लहान आणि अधिक करुण आहे.

१९४० सालच्या जूनमध्यें जिंकलेल्या पॅरिसला हिटलरनें एका पहाटे भेट दिली, तेव्हां त्याची पहिली गाडी या ऑपेरागृहाशीं थांबली. तरुणपणीं त्यानें या इमारतीचे नकाशे पाठ केले होते. त्याच्यासोबत असलेल्या श्पेअर या स्थापत्यकारानें लिहून ठेवलें आहे कीं, रंगमंचाजवळचें एक दालन कोठें दिसत नाहीं, असें हिटलरनें विचारलें; त्यावर वाट दाखविणाऱ्या वृद्ध सेवकानें सांगितलें कीं, तें पूर्वींच काढून टाकलें आहे. पाहणी झाल्यावर त्या म्हाताऱ्याला बक्षिसी देऊं केली. त्यानें ती घेतली नाहीं. आपण केवळ आपलें काम केलें, एवढेंच तो म्हणाला. त्या रिकाम्या प्रेक्षागारांत त्या पहाटे खरा मालक कोण होता, हें त्या नकारानें कळून येतें.

युद्धानंतर मंत्री माल्रो यांनीं प्रेक्षागाराच्या छतासाठीं चित्रकार शागाल याला पाचारण केलें. शागाल रशियांत जन्मलेला ज्यू. नाझींच्या भयानें फ्रान्स सोडून गेलेला आणि परत आलेला. राष्ट्राच्या छताला परक्या माणसाचे रंग कशाला, अशी ओरड झाली. सत्त्याहत्तर वर्षांच्या शागालनें एक पैसाही न घेतां काम केलें, आणि १९६४ सालच्या सप्टेंबरांत तें उघडण्यांत आलें. लाल-सोनेरी गांभीर्यावर निळ्या-हिरव्या रंगांत तरंगणारे प्रेमिक आणि देवदूत, हा मेळ सर्वांनाच रुचला असें नाहीं. मूळचें लनव्होनें रंगविलेलें छत त्याच्या मागें जसेंच्या तसें ठेवलेलें आहे. पुढें १९८९ सालीं बास्तीय चौकांत सत्ताविसशेंच्या आसपास बैठकांचें नवें ऑपेरागृह उघडलें. सर्वांना परवडणारा आणि सर्वांना दिसणारा ऑपेरा, ही त्यामागची कल्पना. तेव्हांपासून मोठे ऑपेरा बहुतेक तिकडे होतात. गार्निएच्या वास्तूंत मुख्यतः बॅले होतो, अधूनमधून ऑपेराही. दिवसां मात्र तिकीट काढून केवळ तो जिना पाहावयास जगभरचे लोक येतात.

त्यांच्यापैकीं थोडेच जण पश्चिमेच्या बाजूस वळतात. तेथें सम्राटाची गाडी वर चढावी म्हणून बांधलेला दुहेरी चढणीचा रस्ता आहे. साम्राज्य पडलें तेव्हां येथील काम थांबलें, आणि पुढें तें कोणी पुरें केलें नाहीं. बांधकामांतील कांहीं दगड आजही न घडलेले, ओबडधोबड असे दिसतात. ज्या दालनांत सम्राटानें गाडींतून उतरून, कोणाच्याही नजरेस न पडतां, आपल्या बैठकीकडे जावयाचें होतें, तेथें आतां ऑपेराचें ग्रंथालय व संग्रहालय आहे. जुनीं स्वरलेखनें, पोषाखांचे नकाशे आणि देखाव्यांच्या लहान प्रतिकृति तेथें ठेवल्या आहेत, आणि अभ्यासासाठीं परवानगी घेऊन आलेले विद्यार्थी तीं वहीं-कागद मांडून पाहात असतात.